इलेक्ट्रिशियन कवा येणार?

आमच्या आयटीआयच्या बॅचमधली दोघं जरी कुठं भेटली तरी पुढ्यातला चहा गार होतो. एक किस्सा निघाला की त्याच्या शेपटीला धरून दुसरा बाहेर येतो. आणि आमच्या धंद्यात किस्से साठतात पण भराभर! कारण आम्ही लोकांच्या घरात शिरतो, ते नेमके घरातले सगळे वैतागलेले असताना.

*

बारावीनंतर मी इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला अ‍ॅडमिशन घ्यायला गेले. खिडकीतल्या क्लार्कनी मान वर न करताच सांगितलं, "शिवणकाम पलीकडच्या बिल्डिंगमध्ये, बाळ."

"इलेक्ट्रिशियनला पायजे, सर."

आता मान वर झाली. "भावाचा फॉर्म भरायला आलीयास व्हय?"

"भाऊ न्हाई मला. मीच हाय."

"घरात कोण इलेक्ट्रिशियन हाय का?"

"न्हाई."

"मग हे कसं काय सुचलं?"

"घरात कोण न्हाई म्हणूनच की! फ्यूज गेला की आम्ही वायरमनची वाट बघत अंधारात जेवतोय."

ते इतके हसले की शिक्का फॉर्मवर उलटा पडला. अजून तसाच आहे.

*

आमचे शिक्षक मुल्ला सर. अंगानं किडकिडीत, पण आवाज असा की शेजारच्या वर्कशॉपमधली पोरं आपली मशीन बंद करून ऐकायची. पहिल्याच तासाला टेस्टर उंच धरून म्हणाले, "करंट दिसत न्हाई. त्याला वास न्हाई, आवाज न्हाई. आणि तो तुमची ओळख बघत न्हाई!"

माझ्या बाकावर राधानगरीचा रणजित होता. त्याला शंका विचारल्याशिवाय अन्न पचायचं नाही. "सर, टेस्टर पेटला न्हाई म्हंजे करंट न्हाई, असंच न्हवं?"

"किंवा टेस्टर मेलाय!" सर गरजले. "म्हणून जिथं करंट हाय हे म्हाईत हाय, तिथं आधी लावून बघायचा. टेस्टर जिता हाय याची खात्री झाल्यावरच पुढं."

दुसऱ्या दिवशी हजेरीला रणजितचं नाव आलं तर हा बाकावर डोकं टेकून गाढ झोपलेला. मी टेस्टरनं हळूच टोचलं. हूं नाही की चूं नाही.

"सर, ह्यो पेटंना."

सर हजेरीतून मान वर न काढता म्हणाले, "दुसऱ्याला लावून बघ. टेस्टर मेला असंल!"

*

जिन्याची वायरिंग शिकवली तेव्हाची गोष्ट. जिन्यात दिवा एक, स्विच दोन. खालून लावायचा, वर जाऊन घालवायचा. रणजितला ते इतकं आवडलं की सुट्टीत गावाकडं जाऊन त्यानं स्वतःच्या घरात करून टाकलं. आज्जी खाली झोपायची, आज्जा माडीवर.

सोमवारी आला तो तोंड पाडून.

"काय रं? चाललं न्हाई व्हय?"

"झकास चाललं की! तेच तर वाईट झालं." मग बाकावर बसून त्यानं सांगितलं. आज्जीला उजेड लागतो, म्हणून ती खालून दिवा लावायची. आज्ज्याला उजेडात झोप येत नाही, तो वरून घालवायचा. आज्जीनं परत लावायचा, आज्ज्यानं परत घालवायचा. लग्न झाल्यापासून दोघांनी एकमेकांना उलटून बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं, ते सगळं आता बटणावर निघालं!

"मग?"

"मग शेजारचा घाबरून आला. म्हणाला, तुमच्या जिन्यात कोण तरी हाय."

*

माझ्या आईची तऱ्हा वेगळी. मी घरात वायरिंग केली ती तिनं पदराचा बोळा तोंडात धरून बघितली. कळंब्यातलं आमचं घर दोन खोल्यांचं, पण मी मन लावून केलं होतं. सगळे पॉइंट तपासले, मेन चालू केला आणि म्हटलं, "आई, पहिलं बटण तू दाब."

आई आत गेली. मला वाटलं हळद-कुंकू आणायला गेली. बाहेर आली ती पायात रबरी चप्पल, हातात लाटणं! लांबूनच लाटण्याच्या टोकानं बटण दाबलं. दिवा लागला. तिनं दिव्याला हात जोडले.

त्यानंतर कितीतरी दिवस लाटणं स्विचबोर्डाशेजारी खिळ्याला टांगलेलं होतं. चपात्या करायच्या वेळी आतून आवाज यायचा, "अगं, बटण दे जरा!"

*

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. तोंडीत रणजितला म्हणाले, "माणसाला शॉक लागलाय, वायरला चिकटलाय. आधी काय करशील?"

"मेन स्विच बंद, सर."

"मेन सापडत नाही."

"कोरड्या लाकडानं ढकलीन."

"लाकूड नाही."

"रबरी मॅट, सतरंजी, काय बी कोरडं बघीन."

"काहीच नाही म्हटलं तर?"

रणजित विचारात पडला. आम्ही दाराला कान लावून उभे. ह्यात गेला तर वर्ष गेलं! शेवटी तो म्हणाला, "सर, मेन न्हाई, लाकूड न्हाई, सतरंजी न्हाई. एवढ्या मोकळ्या माळावर त्याला वायर तरी कुणी दिली?"

परीक्षक पाणी पीत होते. त्यांचा शर्ट आणि टेबल दोन्ही भिजलं. मुल्ला सरांनी भिंतीकडं तोंड फिरवलं, खांदे मात्र हलत होते. रणजित पास झाला.

*

आम्ही कोल्हापूरच्या पोरी 'मी येतो, मी जातो' असंच बोलतो. त्यात मला सर्दी झालेली. एका शेतकऱ्याचा फोन आला, मोटर फिरतीया पण पाणी चढंना. मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "आलो की!"

मळ्यात पोचले तर ते शेतकरी पावणं माझ्याकडं बघून म्हणतात, "बाई, इलेक्ट्रिशियन कवा येणार?"

"आलाय."

त्यांनी माझ्या मागं बघितलं. मागं माझी स्कूटी होती.

मोटर उलटी फिरत होती. मेन बंद केला, तपासला, स्टार्टरपाशी दोन वायरींची अदलाबदल केली आणि चालू केलं. पाइपातून पाणी असं आलं की पावणं डोक्यापासून पायापर्यंत भिजले! तसेच उभे राहून फोनवर कुणाला तरी सांगायला लागले, "व्हय, त्यो घोगऱ्या आवाजाचा माणूस लई भारी हाय. पोरगीच पाठवून दिली त्यानं!"

*

आता शेवटचा. मला बघायला मलकापूरचं स्थळ आलं. मुलाचं औषधाचं दुकान. कार्यक्रम राजारामपुरीत मावशीच्या घरी, कारण तिच्याकडं सोफा.

मी काठापदराच्या साडीत पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि लाइट गेली. मावशीनं एकाच बोर्डावर कूलर, मिक्सर आणि इस्त्री लावलेली! सगळ्यांनी आधी पंख्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी ट्रे मावशीच्या हातात दिला, पदर खोचला, दाराशी ठेवलेली हत्यारांची पिशवी उचलली आणि जिन्याखालच्या अंधाऱ्या बोळात शिरले.

मेन बंद करून पिशवीतलं सामान काढतेय, तोवर मागून उजेड आला. मुलगा मोबाइलचा टॉर्च धरून उभा. आता, टॉर्च धरणं भल्याभल्यांना जमत नाही. लोक आपल्या तोंडावर मारतात, नाहीतर आपल्याच हाताची सावली पाडतात. ह्यानं उजेड नेमका माझ्या बोटांवर धरला. बोटं सरकली की उजेड सरकायचा. 

फ्यूजची जळकी वायर बदलली, लाइट आली. त्याची आई एकदम खुलून म्हणाली, "आमच्या फ्रीजला हात लावला की झिणझिण्या येत्यात बघ. का गं?"

"घराला अर्थिंग हाय का?"

"ते काय असतंय?" त्याचे वडील.

"गळका करंट अंगात न जाता जमिनीत जावा म्हणून करत्यात."

"एवढी वर्षं काय बी झालं न्हाई आमाला."

"असूदे की. पण अर्थिंग नसलेल्या घरात मी न्हाई येणार."

 मावशीनं मला चिमटा काढला. पाहुणे उठले, "कळवतो" म्हणाले आणि गेले. पोहे तसेच! मुलगा तेवढा जाता जाता माझ्या टेस्टरकडं बघून गेला.

आईनं माझ्याशी बोलणं टाकलं. कामावर हेल्पर टॉर्च धरायला लागला की मला मात्र हटकून तो बोळ आठवायचा.

मग एक दिवस फोन वाजला. आईनं उचलला आणि स्पीकरवर टाकला. मलकापूरहून मुलाची आई. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"अर्थिंग झालं बघा. पोरगा सवता खड्ड्यात उतरलता. आता तुमची पोरगी कवा येणार?"

आईनं फोनवर हात दाबला. कितीतरी दिवसांनी माझ्याशी पहिला शब्द बोलली, "काय सांगू?"

मी म्हटलं, "म्हणावं, टेस्टर घेऊन येतो. सवता तपासल्याशिवाय मी कुठंच सही करत न्हाई."