चपलांचा जोड

हॉस्पिटल उभं राहिलं तेव्हा समोर नुसतं माळरान होतं. मग औषधांची दुकानं आली, ज्यूसवाले आले आणि पेशंटच्या नातेवाइकांना भाड्याने खोल्या देणाऱ्या मावशीही आल्या. दुसऱ्यांच्या दुखण्यावर सगळ्या गल्लीचं पोट भरायचं, पण एक रीत झाडून सगळे पाळायचे. कोणी पेशंटच्या चपला हातात घेऊन फाटकातून बाहेर पडलं, की माणूस गेला हे ओळखायचं आणि गिऱ्हाइकाला हाका मारणं थांबवायचं.

त्या दुपारी खुद्द मावशीच फाटकातून बाहेर आल्या. हातात आत ॲडमिट असलेल्या नवऱ्याच्या चपला. ज्यूसचं मशीन बंद झालं. रिक्षावाल्यांनी माना खाली घातल्या.

मावशींचं डोकंच फिरलं. "मेल्यांनो, तोंडं कसली पाडताय? जिवंत आहेत ते! चपलेचा अंगठा तुटलाय, शिवायला आणल्यात!"

गल्लीच्या जिवात जीव आला. मशीन पुन्हा घरघरायला लागलं.

कोपऱ्यावरच्या मोच्याने चपला उलटसुलट करून पाहिल्या. "नुसता टाका घालू की पक्क्या शिवू? काका कधी हिंडाफिरायला लागतील?"

"पक्क्या शिव," म्हणत मावशी त्याच्या फळीवर मटकन बसल्या. सकाळीच डॉक्टर म्हणाले होते, "आता घरी घेऊन जा." याचा अर्थ मावशींनी आजवर कितीतरी भाडेकरूंना पाठीवर हात ठेवून समजावला होता.

मोच्याने शेवटचा दोरा दातांनी तोडला. "घ्या मावशी. आता दोन-तीन वर्षं तरी बघायला नको."