मनाचा तास घेणाऱ्या मॅडम

बुधवारा मोहल्ल्यातल्या आमच्या शाळेत त्या दर शनिवारी नववीच्या मुलींना मनाच्या आरोग्याबद्दल शिकवायला यायच्या. खुर्ची सोडून मुलींच्या बाकावरच जागा करून घ्यायच्या. बोलणं निम्मं मराठी, निम्मं हिंदी.

एकदा तुकईथड गावची, इथं मावशीकडे राहणारी एक मुलगी म्हणाली, “मॅडम, मला सकाळी उठावंसंच वाटत नाही. सारखं रडू येतं.” वर्ग हसला. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “मलाही असंच व्हायचं. डॉक्टरला दाखवलं, गोळ्या घेतल्या, बरी झाले. इसमें शरम कैसी?”

सोमवारी काही पालक मुख्याध्यापकांकडे आले. “पागलपणाच्या गोळ्या खाल्लेली बाई आमच्या पोरींना काय शिकवणार?” तो तास गणिताला गेला. मॅडम भांडल्या नाहीत. जाताना मला, वर्गशिक्षकाला, एवढंच म्हणाल्या, “सर, त्या पोरीकडे लक्ष ठेवा.” मी विचारायचो, तेव्हा ती “ठीक आहे सर” म्हणायची.

दिवाळीनंतर तिची आई तिला घेऊन मुख्याध्यापकांच्या ऑफिसात आली. मीही तिथंच होतो. “पोरगी कोणाशी बोलतच नाही हो सर. त्या मॅडमशी बोलेल म्हणते.”

मॅडम तोवर इंदूरला गेल्या होत्या. मी फोन लावून दिला. मुलगी रडत रडत म्हणाली, “मॅडम, आमच्या वर्गावर परत कधी याल?”

मुख्याध्यापकांनी मान खाली घातली. मीही.