खंडेनवमीनंतरचं मशीन

मशीनवरचा हिरवा दिवा लागला की मला अजून हायसं वाटतं. लोक सकाळी उठून देवाला हात जोडतात, मी शेड उघडून त्या दिव्याकडं बघतो. दिवा लागला आणि आक्का मशीनसमोर उभी राहिली की माझा दिवस सुरू झाला. मधे एकदा दिवाही लागेना आणि आक्काही येईना, तेव्हापासूनची ही खोड.

आमची शेड उद्यमबागेत, घर खासबागेत. शेडमध्ये लोखंड कातायचा, संगणकावर चालणारा एकच लेथ. तोही कुठल्या तरी बंद पडलेल्या परदेशी कारखान्यातून हात बदलत बदलत आमच्याकडं आलेला. सोबत पुस्तक नाही, तारांचा नकाशा नाही. तारांवरचे आकडे तेलानं पुसले गेलेले, आणि प्रत्येक जुन्या मालकानं आपल्या अकलेनं आत काहीतरी जोडून ठेवलेलं. पडद्यावर जी भाषा उमटते ती कुठल्या देशाची, हे मला आजही सांगता येणार नाही. चालतंय तोवर चालतंय, अशी आमची सोयरीक.

ते चालवते आक्का, माझी थोरली बहीण. दाजी गेल्यावर ती माहेरी आली. घरी बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची कीव ऐकायची तिला चीड यायची, म्हणून माझा डबा द्यायच्या निमित्तानं शेडमध्ये यायला लागली, आणि बघता बघता मशीन तिच्या हाताखाली गेलं. शेडमध्ये आली की ती पहिल्यासारखी माझी चेष्टा करायची. मला तेवढंच पुरे होतं.

खंडेनवमीला नेहमीसारखी पूजा मांडली. मशीन धुऊनपुसून लख्ख केलं, झेंडूची माळ घातली, फोडायला कोहळा आणला. कुंकवाचं ताट मी आक्काच्या हातात दिलं. आई चटकन पुढं झाली.

"तिला नगो रं. तूच लाव की."

आई मनानं वाईट नाही. तिला जे शिकवलं गेलं तेच ती बोलली. पण माझं डोकं फिरलं. "वर्षभर मशीन चालवायचं हिनं आणि कुंकू लावायचं मी? आक्का, तूच लाव." आक्का नको नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. मग मात्र तिनं मन लावून पूजा केली. ओलं कुंकू बोटावर घेऊन पडद्याच्या चौकटीला, दाराला, आतबाहेर दिसेल त्या गोल बोल्टाला लावलं. इतकं लालेलाल मशीन मी कधी बघितलं नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चालू करायला गेलो तर लाल दिवा. पडद्यावर एक आकडा आणि त्या अगम्य भाषेतली एक ओळ. बंद केलं, परत चालू केलं. तेच.

सोबत आलेल्या आईनं नुसतं आक्काच्या हाताकडं बघितलं. बोलली असती तर निदान भांडता आलं असतं. आक्काच म्हणाली, "मी नगो म्हणत हुते न्हवं?" आणि माझा डबा फळीवर पूजेच्या ताटाशेजारी ठेवून घरी गेली. त्यानंतर ती यायचीच बंद झाली.

मशीन आज ना उद्या कुणीतरी दुरुस्त केलंच असतं. पण बिघाडाचं कारण कळलं नाही, तर हे आपल्या हातानं झालं असंच आक्का जन्मभर धरून बसणार, हे मला दिसत होतं. म्हणून मला नुसती दुरुस्ती नको होती, कारण हवं होतं.

ओळखीच्या मेकॅनिकनं मशीनची पेटी उघडली, एकाच रंगाच्या तारांचा तो गुंता बघितला आणि पेटी लावून टाकली. "आगूदिल्ल, अण्णा, जमायचं नाही हे. सगळं काढून नवीन बसवा," म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

मग मीच बसलो मांडी ठोकून. पेटीत बारीक दिव्यांची एक रांग आहे. मशीनच्या अंगावरून येणाऱ्या प्रत्येक तारेपाशी एक दिवा. बटण दाबलं की एखादा लागतो, पेडल दाबलं की दुसरा. कुठला दिवा कशाचा, हे कळलं असतं तर न लागणारा मुका दिवाही कळला असता. पण बटण मशीनच्या पुढं, पेटी मागं. एकट्याचं काम नव्हतं. आक्काला फोन केला.

"मी मशीनला हात लावणार न्हाय," ती म्हणाली.

"नगो लावू. नुसतं बघून सांग."

आली. हात मागं बांधून पेटीसमोर उभी राहिली. मी एकेक गोष्ट हलवायची आणि तिनं मागून ओरडायचं, "लागला!", "इझला!" असं करता करता सगळे दिवे बोलले. एक सोडून.

"ह्यो एक मेलाय बघ," ती म्हणाली.

त्या दिव्याची तार धरून मी मशीनखाली शिरलो. चिकटपट्टीच्या जुनाट गाठींमधून, पोटाखालून ती तार मशीनच्या दाराच्या आतल्या बाजूला एका काळ्या गोल बोंडाशी जाऊन संपली. इतकी वर्षं मी त्याला बोल्ट समजत होतो. तो डोळा होता. दार नीट लागलंय का, ते उजेड टाकून बघणारा, कुणा जुन्या मालकानं बसवलेला. आणि त्याच्या काचेवर वाळलेलं कुंकवाचं बोट होतं.

कारण सापडलं होतं, पण ते आक्काचंच बोट होतं. सगळ्या मशीनभर कुंकू, त्यात हे एक कुणाच्या नजरेत भरणार? आणि पूजेचं कुंकू आमच्यात कुणी पुसत नाही, ते आपोआप झडतं. गपचूप नखानं खरवडावं आणि तार ढिली होती म्हणून सांगावं, असं मनात आलं. तेवढ्यात आई आमचे डबे घेऊन आली.

"काय घावलं रं?" आक्का माझ्या खांद्यावरून वाकली. काचेजवळ डोळा नेऊन तिनं बघितलं. मग हसायलाच लागली. "आगं बया! मी ह्येचा डोळाच लिपून टाकला की!"

तिनं आईला हाताला धरून आत वाकवलं आणि दाखवलं. "आई, तू लावलं असतंस तरी ह्येच झालं असतं. ह्येला काय कळतंय, कुणाचं बोट ते?"

मग तिनं फडकं घेतलं आणि थबकली. कुंकू पुसायचं होतं. दाजी गेले तेव्हा बायकांनी तिचं कुंकू पुसलं होतं, आणि त्या बायकांत आईही होती.

"पुसू?" आक्कानं विचारलं.

"पूस," आई म्हणाली.

काच स्वच्छ झाली. मी दार ओढून लावलं आणि पेटीतला मेलेला दिवा लागला. वरचा हिरवाही लागला, मशीन फिरायला लागलं. मी तेलकट फरशीवरच फतकल मारली. किती दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले. आक्का बटणांवर भराभर बोटं चालवत होती. हात लावणार नाही म्हणाली होती, ते तिच्या ध्यानातही नव्हतं.

आई फळीपाशी गेली. नवमीचं ताट अजून तिथंच होतं. त्यातली कुंकवाची वाटी तिनं आणली आणि आक्कासमोर धरली.

"पुसलंस न्हवं? मग परत लाव. पर त्या डोळ्याला सोडून."