जा. का.

ग्रंथालयात जुन्या मासिकांची खोली सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे मोजणीदार म्हणत, अर्थात पाठीमागे. वाचकाच्या हाती खंड देण्याआधी ते पानं मोजत, परत घेताना पुन्हा मोजत, आणि मग वहीत ‘पाने शाबूत’ असं लिहून सही घेत. शिवाय जाताना पिशवी टेबलावर रिकामी करायला लावत. कुणी कुरकुर केली तर म्हणत, “माझा कुणावर संशय नाही, म्हणून तर सगळ्यांची बघतो.” घरीही बिस्किटांचा डबा हलवून बघायची खोड. बायको म्हणायची, “एक मी खाल्लंय. लिहून देऊ का?” पण चौतीस वर्षांत त्यांच्या खोलीतून एक पान गेलं नव्हतं, आणि आता निवृत्तीला आठच दिवस उरले होते.

नेमकी त्याच आठवड्यात एक बाई आली. पन्नाशी उलटलेली, जाड चष्म्याची. तिला वाहतूक आणि व्यापाराच्या एका बंद पडलेल्या मासिकाचे खंड हवे होते, तेही साठ वर्षांपूर्वीचे. टायरचे भाव, पुलांवरचे लेख, मालधक्क्यांच्या तक्रारी. असलं कोण हौसेनं वाचतं? मोजणीदारांच्या मनात पाल चुकचुकली.

त्यातून ती वाचतही नव्हती. भराभर पानं उलटायची, मध्येच थांबून शिवणीत बोट घालायची आणि कागदाला नाक लागेल इतकी वाकायची. तिसऱ्या दिवशी मोजणीदार दबक्या पावलांनी तिच्या मागे जाऊन उभे राहिले. शिवणीपाशी कापलेल्या पानांचे अरुंद काठ दिसत होते. एक नाही, दोन नाही, ओळीनं आठ.

“ताई, ब्लेड काढा बाहेर.”

“कसलं ब्लेड?”

“पानं कुठं आहेत?”

बाई ताडकन उठली. “हेच मी तुम्हाला विचारणार होते! तीन दिवस बघतेय, सगळ्या खंडांत हे काठ आहेत. खोलीची किल्ली एकट्या तुमच्याकडे. माझी पिशवी रोज उलटी करता, तुमची कोण बघतं हो?”

मोजणीदार तिथंच बसले आणि पानं मोजू लागले. आकडे एकामागून एक सरळ, मधला एकही गळलेला नाही. पुन्हा मोजली. तेवढीच.

“मला लेख नकोतच,” बाई आवाज जरा खाली आणत म्हणाली. “बाबांच्या बसची जाहिरात हवीय. त्यांची एकच बस होती. घाटातून पहिली तीच धावली. आता वाहतूक संघाचा इतिहास छापतायत, त्यात पहिली बस म्हणून मोठ्या कंपनीची घातलीय. संपादक म्हणतात, सोमवारपर्यंत त्याआधीच्या तारखेचा छापील पुरावा आणा. आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, काका. त्या बसमध्ये तिकिटं तीच फाडायची. सांगायला गेली की लोक म्हणतात, म्हातारी बरळते. रोज संध्याकाळी मला विचारते, सापडलं का?”

मोजणीदारांना ही गोष्ट जरा जास्तच जुळवून आणलेली वाटली. बस काय, आई काय, सोमवार काय!

तेवढ्यात बाईनं खंडाच्या शेवटी डकवलेली पिवळी चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली. “आणि हे काय? प्रत्येक खंडात आहे. ‘जा का’. कुठं जा?”

मोजणीदारांनी चष्मा पुसला. अक्षर त्यांचंच होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तेव्हाचे साहेब म्हणाले होते, खंड फार जाड होतात, फालतू पानं कमी करा. बाइंडरसाठी चिठ्ठ्या मोजणीदारांनीच लिहिल्या: जाहिराती काढणे. दर वेळी एवढं लिहायचा कंटाळा, म्हणून जा. का. जाहिरातींच्या पानांवर आकडे नसत, त्यामुळे चौतीस वर्षांच्या मोजणीत काही कमी आलंच नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी म्हाताऱ्या बाइंडरला फोन लावला. “टाकली नाहीत हो,” तो खोकत म्हणाला. “चांगला कागद होता. तुमच्याच खंडांच्या पुठ्ठ्यांत घातला, थरावर थर चिकटवून.”

मग ज्या माणसानं कुणाला पानाचा कोपरासुद्धा दुमडू दिला नाही, तोच ओलं फडकं आणि बोथट सुरी घेऊन पुठ्ठे सोलत बसला. बाई शेजारी बसून एकेक थर वाळवत होती. शनिवारी दुपारी सातव्या खंडाच्या पुठ्ठ्यातून बस निघाली. पुढं आलेलं नाक, टपावर चढायची शिडी. खाली वेळापत्रक, ‘मालक व चालक’ म्हणून वडिलांचं नाव, आणि अगदी बारीक अक्षरांत: ‘तिकिटासाठी बाईंना भेटावे.’

बाई ढसाढसा रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “पण महिना-वर्ष कुठंच नाही. सुट्या कागदाला कोण विचारणार? म्हणतील, घरी छापून आणला.”

नक्कीच म्हणतील, मोजणीदारांना वाटलं. ते स्वतःही तेच म्हणाले असते. त्यांनी सगळे खंड काढून कागदाचा कापलेला काठ एकेका काठाशी लावून बघितला. चौथ्या खंडात तो तंतोतंत जुळला, आणि शेजारच्याच पानावर अंकाचा महिना-वर्ष होतं. आता ग्रंथालयाच्या शिक्क्याचं पत्र हवं होतं: पान कुठलं, सुटं कसं झालं, कुणी केलं. आताच्या साहेबांनी त्यांच्या निरोपाचं भाषण टाइप करून ठेवलं होतं, त्यात ‘एक पानही गेले नाही’ असं वाक्य होतं. मोजणीदारांनी आधी ‘बांधणीत पान निघाले’ असं लिहिलं. ते चाललं असतं, कुणी विचारलं नसतं. त्यांनी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला: ‘ही पाने मी काढायला लावली. किती, ते मी मोजलेले नाही.’ खाली सही केली, शिक्का मारला.

पत्र आणि जाहिरात जपून घेऊन बाई दारापर्यंत गेली आणि परत फिरली. “काका, पिशवी बघायची राहिली.”

मोजणीदारांनी खुर्चीला अडकवलेली आपली पिशवी काढली आणि टेबलावर उलटी केली. “आज माझी बघा.”