नारनभाऊंचा पालथा हात

नारनभाऊ गाडीत बसले की आधी डोळे मिटायचे. मग एसीच्या जाळीसमोर उजवा हात पालथा धरायचे. तेवढा वेळ गॅरेजमध्ये कुणी बोलायचे नाही, असा नियमच होता. दहापर्यंत आकडे मोजून व्हावेत इतक्या वेळाने डोळे उघडून निकाल द्यायचे : "थंड येतंय, पण मन लावून येत नाय." त्यांच्याकडे गॅसचा दाब बघायचे गेज होते, ते वापरायचेही. पण शेवटचा शब्द हाताचा. एकदा कुणी थर्मामीटर लावा म्हणाले, तर म्हणाले, "कशाला? ताप आलाय गाडीला?"

बोईसरहून पालघरला येताना रस्त्याला लागून त्यांचे पत्र्याचे गॅरेज होते. काम फक्त गाड्यांच्या एसीचे. ते सातपाटीचे, घर मासेमारीचे, पण होडीत चढले की उलट्या व्हायच्या. म्हणून तरुणपणी बर्फाच्या कारखान्यात लागले. होड्यांना लागणाऱ्या लाद्या काढता काढता हाताला थंडीची पारख आली, असे सांगायचे. "माझे भाऊ समुद्रावर गेले, मी बर्फावर ऱ्हायलो."

मी बोईसरच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे, राहते पालघरला. सगळे लिहून ठेवायची मला सवय. पहिल्यांदा गेले तेव्हा तक्रारींचा कागद घेऊनच गेले, सात मुद्दे. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, घडी घालून माझ्या हातात परत दिला आणि एकच विचारले, "बाय, गाडी उभी असताना गरम हवा येते का चालताना पण?"

हे मी लिहिलेच नव्हते. आठवून सांगितले, "उभी असताना. चालायला लागली की जरा बरी येते."

"मंग पुढचा पंखा बघू. कागद ठेवा, किराण्याला होईल."

पंख्याची वायर खाऱ्या हवेने खाल्लेली निघाली. अर्ध्या तासात गाडी गार.

त्यांच्या कामाला क्रम होता, आणि तो मी पुढे वहीत उतरवून घेतला. आधी विचारायचे, मग ऐकायचे. एसी चालू करताना पुढून 'टक' आवाज आला तर कॉम्प्रेसर उठला. नाही आला तर फ्यूज आणि वायर बघायची. मग बॉनेट उघडून दोन पाइपांना हात लावायचा, एक तापलेला हवा, दुसरा गार. "गार पाइपाला घाम आला पायजे. घाम नाय तर काम नाय." गॅस भरणे सगळ्यांत शेवटी. वीज प्रकल्पाच्या वसाहतीतले एक साहेब दुसरीकडे तीनदा गॅस भरून आले होते. "चौथ्यांदा तुम्ही भरा," म्हणाले. भाऊ तडकलेच. "साहेब, गॅस काय पेट्रोल हाय का रोज संपायला? तो पळालाय. भोक सापडल्याबिगर मी भरनार नाय." मग साबणाचा फेस करून प्रत्येक जोडाला लावत बसले. एका जोडावर बुडबुडा फुगला, तेव्हा साहेबांना मान धरून खाली वाकवल्यासारखे दाखवले : "बगा, हितून गेले तुमचे तीन गॅस."

मासळीचे एक व्यापारी मागच्या सीटवर पापलेटच्या पेट्या ठेवायचे आणि गाडी अजून थंड हवी म्हणायचे. भाऊ म्हणाले, "शेट, ही गाडी हाय, बर्फाची पेटी नाय. तुमी बसता का पापलेट बसतंय ते आदी ठरवा."

गेल्या मे महिन्यात माझ्या गाडीची कूलिंग कॉइल गळायला लागली. डॅशबोर्ड पूर्ण काढावा लागला. दोन दिवस ते त्यात वाकून होते. तिसऱ्या दिवशी मी घ्यायला गेले. आणखी दोन गिऱ्हाइके खिडकीशी उभी होती. मी स्टिअरिंगवर बसले, भाऊ शेजारी. एसी लावला आणि गालावर अशी हवा आली की अंगावर काटा उभा राहिला. भाऊंनी डोळे मिटले. हात पालथा धरला. दहा झाले, वीस झाले. हात उलटा केला, मग डावा धरून बघितला.

"नाय बाय. गरमच येते."

गाडीखाली पाण्याचे थेंब टपटपताना ऐकू येत होते. बॉनेट उघडेच होते, त्याच्या खालच्या फटीतून आतल्या पाइपाला घाम फुटलेला मला दिसत होता.

"हो ना?" त्यांनी विचारले. इतक्या वर्षांत मला त्यांनी कधी असे विचारले नव्हते.

माझ्या वडिलांना साखरेचा आजार होता. चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कळायचे नाही. त्यामुळे भाऊंच्या हाताला काय झाले असावे, हे मला त्याच क्षणी समजले. पण खिडकीशी माणसे उभी होती. त्यांच्यादेखत नारनभाऊंना सांगायचे की तुमच्या हाताला थंडी कळत नाही? मी म्हणाले, "हो. जरा गरमच लागते."

"सगळी परत खोलतो."

"आता नको, उशीर झालाय. पुढच्या आठवड्यात आणते."

पालघर येईपर्यंत मला एसी दोनदा कमी करावा लागला. घरी आल्यावर वहीत लिहिले : नारनभाऊंना एकटे गाठून सांगणे. साखर तपासणी. मग ऑफिसात ऑडिट निघाले, मग पाऊस लागला. पावसात एसीची आठवण कुणाला येते? ती ओळ मी प्रत्येक आठवड्याच्या पानावर पुढे ओढत गेले.

ऑक्टोबरच्या उन्हात गेले तर शटर बंद. शेजारच्या पंक्चरवाल्याने सांगितले, भाऊ गणपतीनंतर गेले.

रविवारी सातपाटीला त्यांच्या घरी गेले. वहिनींनी मला आधी पाहिलेले नव्हते. म्हणाल्या, "मे महिन्यातच गॅरेज बंद केलं त्यांनी. म्हणाले, पालघरच्या बायच्या गाडीत नवी कॉइल टाकली, गॅस भरला, तरी गरमच. ती बाय पण तेच बोलली. माझी विद्या गेली आता. आमी लय समजावलं, पण नाय ऐकलं. मंग ओट्यावर बसून ऱ्हायचे. अनवाणीच फिरायचे. पायात खिळा गेला, तो चार दिवस कळलाच नाय त्यांना. वास आला तवा बघितलं. डॉक्टर बोलले, साखर लय जुनी हाय, हातापायाची जाणीवच गेलेली. आदी कोणाच्या ध्यानात आलं असतं तर पाय वाचला असता, मानूस वाचला असता."

चहाचा कप माझ्या हातात तसाच होता. "वहिनी, पालघरची ती बाई मीच. त्या दिवशी माझी गाडी थंड होती. अगदी थंड. मी त्यांना खोटे सांगितले."

आता त्या 'का' म्हणून विचारतील, अशी मी वाट बघत होते. त्या उठल्या, भिंतीवरच्या भाऊंच्या फोटोजवळ गेल्या आणि पदराने काच पुसत म्हणाल्या, "ऐकलं का? थंड झाली होती तुमची गाडी."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अजून येते ना थंड?"

मी हो म्हणाले.