खालाला फुटलेला घाम

समोरचं माणूस भारावून गेलं आहे की आजारी पडतं आहे, हे तुम्हाला नक्की ओळखता येतं? मला आलं नाही. परवा आमच्या धाड गावात शमीम खालाचा चाळिसावा, मृत्यूनंतरचा चाळिसाव्या दिवसाचा विधी, झाला. मी शेजारच्या घरातला, तिला मावशी मानून तिच्या हातचं खाऊन वाढलेला. पण तिच्या मुलीसमोर, शबानासमोर, मान वर करता आली नाही...

खाला बाजाराच्या दिवशी बांगड्या भरायची. गिऱ्हाइकाचा हात कितीही आखडलेला असो, बांगडी तडकू द्यायची नाही. मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटत फिरायचो. "वाट बावा, वाट," ती म्हणायची, "मले बांगड्या गुंडाळाले कागद लागतेच." गुडघे गेले तशी तिनं हजची आशा सोडली. मला तो अन्याय वाटला. जग धडधाकटांनीच का पाहावं? चिखलीच्या मित्राकडून मी डोळ्यांवर बांधायचा, आभासी दृश्य दाखवणारा चष्मा आणला. तो लावला की आपण काबाभोवतीच्या गर्दीत असतो, आणि गर्दी आपल्याला घेऊन फेरे घालते.

'बसूनच वापरा' असं सोबतच्या कागदावर छापलेलं होतं. मी ते वाचलंही होतं. पण खाला वजू करून, नमाजाआधीसारखे हातपाय-तोंड धुऊन, आली आणि खुर्ची पाहून भडकली.

"काबा समोर अन् मी बसून राहू? काऊन बे, मी का बेगम लागून गेली?"

मी खुर्ची उचलून बाजूला ठेवली आणि तिला उभ्यानंच चष्मा चढवला.

तिचे डोळे सांगत होते, चालते आहेस. पाय सांगत होते, उभी आहेस. कानाच्या आत तोलाची जाण असते, ती डोळ्यांशी भांडत होती आणि शरीर फिरत्या चित्राकडे कलत होतं. हे सगळं मी नंतर वाचलं. तेव्हा दिसलं ते एवढंच, की चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम फुटला आणि ती डुलू लागली.

"अम्मीले घाम येऊन राह्यला," शबाना पुढे झाली. मी तिला अडवलं. "राहू दे, रंगून गेली ती."

दुसरा फेरा पुरा व्हायच्या आत खाला पडली. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर खाटेवरून ती उठलीच नाही.

एकदा मी विचारलं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "उलटीसारखं होऊन राह्यलं होतं रे... पन काबासमोर कसं सांगू?"

इतरांच्या भाबडेपणावर मी इतकी वर्षं तुटून पडलो. या वेळी भाबडा मीच होतो, आणि किंमत तिनं मोजली. आता काहीही लिहिलं तरी ते उशिराचंच आहे.

तरी एवढंच मागतो. तुमच्या घरात कुणी असा चष्मा चढवला, तर त्याला जमिनीवर बसवा. हात त्याच्या खांद्यावर ठेवा. घाम दिसला, की न विचारता चष्मा काढून घ्या. माणूस रागावेल. रागावू द्या.