मास्तरांची मैत्रीभावना

ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर तापट म्हणून गावभर प्रसिद्ध. त्यांच्याकडे शिकलेला माणूस पुढे कुठल्याही गर्दीत डगमगत नसे, कारण याहून वाईट त्याने आधीच ऐकलेलं असे. पण रक्तदाब वाढला, डॉक्टरांनी डोळे वटारले आणि मास्तर विहारात ध्यानाला जाऊ लागले.

तिथले भन्ते म्हातारे आणि मिश्कील. त्यांनी मैत्रीभावना शिकवली. डोळे मिटून बसायचं. आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग जिवलगाचं, मग पेट्रोलपंपावरच्या माणसासारख्या, ज्याच्याशी घेणं ना देणं अशा कुणाचं, आणि शेवटी ज्याचं तोंड पाहायला नको वाटतं त्याचं.

पहिल्या पायरीवर मास्तर असे रमले की तिथून हलेचनात. 'मी सुखी होवो, मी निरोगी होवो.' इतकं पटणारं वाक्य त्यांना जन्मात भेटलं नव्हतं. बायकोचा नंबर लागायला कित्येक आठवडे गेले.

घरात मास्तरांच्या या नव्या सजगतेने नुसता उच्छाद मांडला. मुलगी जेवताना हसली की हे म्हणायचे, "घास चाव. चावतेयस, हे जाणून चाव." बायकोच्या हातून भांडं पडलं तर डोळे मिटून मंद हसायचे. त्यापेक्षा पूर्वीचं खेकसणं परवडलं, असं तिने बहिणीला फोनवर सांगितलं.

या बहिणीचा नवरा, म्हणजे मास्तरांचा साडू, हाच त्यांच्या चौथ्या पायरीचा मानकरी. दोघांनी मिळून स्कूल काढलं होतं. मग कसल्याशा शब्दावरून बिनसलं आणि साडूने समोरच्याच फुटपाथवर स्वतःची पाटी लावली. तीही यांच्या पाटीपेक्षा वीतभर मोठी.

'साडू सुखी होवो' म्हणताना सुरुवातीला मास्तरांच्या दाढा दुखायच्या. मग त्यांना एक युक्ती सापडली. साडू मनात आणायचा तो केविलवाणा, मान खाली घातलेला. आणि आपण उंचावरून त्याच्यावर करुणेची बरसात करायची. हे फक्कड जमलं.

"मी त्याला माफ केलं," एकदा जेवताना ते म्हणाले.

"त्यांना सांगितलंत?" बायकोने विचारलं.

"सांगायचं काय त्यात? मैत्री ही आतली गोष्ट असते."

"मग ते दिसले की गल्ली का बदलता?"

मास्तरांनी श्वासाकडे लक्ष दिलं.

पुढच्याच आठवड्यात शिवणक्लासवाल्या बाई त्यांच्याकडे चढावर गाडी थांबवायला शिकत होत्या. सिग्नल लाल होता. बाईंनी ब्रेक दाबून धरला होता. मास्तरांच्या पायाशी त्यांचा वेगळा ब्रेक होताच, पण ते डोळे मिटून सिग्नलवरच्या समस्त जीवांचं भलं चिंतत होते. बाईंच्या पायाला गोळा आला, पाय सुटला, आणि गाडी मागे घसरत जाऊन मागच्या गाडीवर धाडकन आदळली.

त्या गाडीच्या टपावर वीतभर मोठी पाटी होती.

साडू उतरला. "डोळे फुटले का तुझे?"

"मिटले होते," मास्तरांनी खरं ते सांगितलं. आणि मग, इतक्या दिवसांची सवय, तोंडातून निघून गेलं, "तू सुखी हो."

साडूला तो टोमणा वाटला. त्याने जे सुनावलं, ते ऐकून बाईंनी काच वर केली. मास्तरांचंही रक्त उसळलं. ध्यानबिन सगळं बाजूला ठेवून ते तोंड उघडणार, एवढ्यात त्यांना साडूचा हात दिसला. तो चेपलेल्या बोनेटवर टेकवला होता आणि थरथरत होता. रागाची थरथर मास्तर ओळखत होते. ही ती नव्हती.

"हाताला काय झालंय?"

"तुला काय करायचंय?"

"अरे, काय झालंय?"

साडूने हात खिशात घातला. "वर्षभर होतंय. शिकवता येतं, चालवता येत नाही. दवाखाना लांब आहे, दर सोमवारी रिक्षाने जातो. घरी बोलू नकोस, हिला वाटतं मी क्लासला जातो."

मनातला केविलवाणा साडू असा नव्हता. हा दाढी न केलेला होता, कावलेला होता आणि अजूनही हुज्जत घालत होता. मास्तर म्हणाले, "सोमवारी मी नेतो."

तेव्हापासून दर सोमवारी मास्तर त्याला दवाखान्यात नेतात. जाताना भांडतात, येताना भांडतात. साडू शेजारच्या सीटवरून गिअर कधी बदलायचा ते सांगतो. नव्या शिकाऊ पोरालाही सांगत नसेल इतक्यांदा सांगतो.

विहारात जाऊन मास्तरांनी तक्रार केली, "भन्ते, माझं ध्यान पार बिघडलं. पूर्वी साडूसाठी बसलो की कसं गार वाटायचं. आता डोळे मिटले की तो खराखुरा समोर येतो, आणि डोकंच फिरतं."

"सोमवारी जाता का पण?"

"जातो म्हणजे? न जाऊन सांगतो कुणाला! त्याची गाडी दुसरं कोण चालवणार?"

भन्ते खूप वेळ हसले, आणि मास्तरांच्या पुढ्यात चहाचा कप सरकवला.